पान ओढू नकोस

क्रांतीला पगार मिळायचा तो खोट काढण्याचा. ऐरोलीच्या त्या काचेच्या इमारतीत बाकीचे लोक वस्तू बनवायचे आणि क्रांती त्यांतली चूक हुडकून त्यांच्या पुढ्यात ठेवायची. अशा बाईशी माणसं डबा खाताना गोड बोलतात, आणि डबा संपला की लांबच्या खुर्चीत जाऊन बसतात. तिला त्याचं फारसं वाटत नसे. एकच माणूस असा होता, जो आपणहून खुर्ची घेऊन तिच्या टेबलाशी यायचा नि विचारायचा, "बोल, आज काय सापडलं?" तो अभय. आणि अभयला जाऊन आता सात-आठ महिने होत आले होते. ऑफिसच्या जिन्यात छाती धरून बसला, तो उठलाच नाही.

'होडी' हा मोबाइलचा ब्राउझर त्याने बनवला होता. फोनवर इंटरनेटची पानं उघडायला असे ढिगाने ब्राउझर आहेत, त्यात आणखी एक कशाला, असं सुरुवातीला सगळेच म्हणाले होते. पण होडी हलकी होती. जुन्या, स्वस्तातल्या फोनवरही ती भराभर चालायची, जाहिराती अडवायची, मराठी जोडाक्षरं मोडून ठेवायची नाही. आणि सगळ्यांत मोठा गुण म्हणजे रेंज असो वा नसो, एकदा पाहिलेलं पान ती डोळ्याचं पातं लवायच्या आत पुढ्यात ठेवायची. अभयच्या गावी, मंडणगडकडच्या डोंगरात, रेंज झाडावर चढल्याशिवाय मिळत नाही. बाबा गावी गेले की कंटाळतात म्हणून आपण हे केलं, असं तो मोकळेपणाने सांगायचा.

आता एका फोन बनवणाऱ्या कंपनीने ही होडी आपल्या सगळ्या नव्या फोनमध्ये घालायचं मनावर घेतलं होतं. त्याआधी त्यांना तिचा गुणदोषांचा अहवाल हवा होता. तो क्रांतीने लिहायचा होता. गुणांची बाजू तिने दोन दिवसांत भरली. दोषांच्या बाजूला मात्र किरकोळ दोन ओळी जमल्या होत्या, एक बटण बारीक आहे आणि लांब नावं अर्धी दिसतात. एवढ्या मोठ्या कामात एवढाच दोष, हे तिच्या गळी उतरत नव्हतं.

तिने मागच्या नोंदी चाळल्या. अभय गेल्यापासून होडीबद्दल ऑफिसात एकानेही तक्रार नोंदवली नव्हती. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. पण माणूस गेला तरी त्याचं काम मागे चालूच राहतं, रोज हजारो लोकांच्या हातात पडतं, आणि त्याच्याबद्दल खरं बोलावंच लागतं, हे तिथल्या शिकल्यासवरल्या मंडळींच्या ध्यानात आलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असा सगळा कारभार.

"सोमवारी रिपोर्ट जायला पाहिजे," टीमचा प्रमुख रोहन म्हणाला. "आणि क्रांती, प्लीज, आता खुसपटं काढत बसू नको यार. अभयचं शेवटचं काम आहे. त्याच्या घरच्यांना पण बरं वाटेल."

त्याच दुपारी तिला अभयच्या घरून फोन आला.

फोन मनस्वीचा होता, अभयच्या बायकोचा. ती वाशीला एका बँकेत काम करायची आणि नेरूळच्या फ्लॅटमध्ये सासऱ्यांबरोबर राहायची. ती म्हणाली, "ताई, शनिवारी येशील का घरी? बाबांचं काही खरं नाही. विसरायला लागलेत. सोमवारी मेंदूच्या डॉक्टरांकडे नंबर लावलाय, पण ते यायला तयार नाहीत. तुझं ऐकतील."

अभयचे बाबा सिताराम मर्चंडे आणि विसरभोळे! क्रांतीला पटेना. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला हा माणूस. अभय होडीची प्रत्येक नवी आवृत्ती सगळ्यांत आधी बापाच्या जुन्या फोनवर टाकायचा, आणि रविवारी दोघं जेवणाच्या टेबलाशी समोरासमोर बसायचे. त्या बैठकीचा नियम ठरलेला होता. आधी दोष, मग चहा, मग गुण. चहा अभय करायचा. काका दोष असे सांगायचे की ऐकणाऱ्याला पोराची दया यावी, आणि अभय मान खाली घालून ते लिहून घ्यायचा. क्रांती अशा दोन-तीन रविवारांना हजर होती. आपल्या घरी कुणी आपल्याशी असं खरं बोललं असतं तर, असं तिला तेव्हा वाटून गेलं होतं.

शनिवारी ती गेली. दारातच मनस्वीने तिला बाजूला घेतलं आणि दबक्या आवाजात सगळं सांगितलं. त्यांच्या गावाचं मुंबईत मंडळ होतं. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मंडळाची सभा व्हायची, दरवेळी वेगळ्या घरी, पाळीपाळीने. आता कुणाच्या घरी, ते मंडळाच्या वेबसाइटवर लिहिलेलं असायचं. सभा घणसोलीला असताना बाबा कळव्याला जाऊन थडकले होते. मग डोळ्यांचा दवाखाना दुसरीकडे हलला, तरी हे जुन्या जागी बंद शटरसमोर दुपारपर्यंत बसून राहिले. पाणी येणार नाही म्हणून एकदा घरातली झाडून सगळी भांडी भरून ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी नळाला धो धो पाणी.

"मी कामावर जाते तेव्हा गॅस बंद करून जाते आता," मनस्वी म्हणाली. "बाहेरून कुलूप लावून किल्ली पण शेजारी ठेवते. मला किती वाईट वाटतं ते माझं मला माहीत. पण टेन्शन येतं गं. अभय असता तर..." तिने वाक्य सोडून दिलं, डोळे पुसले आणि दूध आणायला पिशवी घेऊन खाली उतरली.

काका खिडकीशी बसले होते. "जय भीम, काका," क्रांती म्हणाली.

"जय भीम, बाय. बस."

"मनस्वी म्हणते तुम्ही विसरता."

"हां. विसरतो खरा. वय झाला आता."

हे उत्तर तिला खटकलं. ज्या माणसाने कधी नुसतं 'हो' म्हटलं नाही, आमटीत मीठ कमी आहे की जास्त यावरही जो वाद घालायचा, तो इतक्या मुकाट्याने मान डोलवतो? खरोखर विसरणारी माणसं उलट भांडतात. क्रांतीच्या आजीने शेवटपर्यंत मान्य केलं नव्हतं.

तिने विषय बदलला. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता, म्हणून सरळ सांगितलं की होडीचा अहवाल लिहायचाय आणि जुन्या फोनवर पाहायचंय. काकांनी थोडा वेळ घेतला, मग खिशातून फोन काढून दिला. देताना म्हणाले, "बघ. पण बघ फक्त."

तिने होडी उघडली. पाणीपुरवठ्याचं पान झटकन आलं. उद्या दिवसभर पाणी बंद, असं त्यावर लिहिलं होतं. सूचना उन्हाळ्यातली होती, आणि बाहेर पाऊस सरत आला होता. तिने दवाखान्याचं पान उघडलं. तिथे जुना पत्ता होता. दोन्ही पानं नवीकोरी दिसत होती, कुठेही 'हे जुनं आहे' अशी खूण नव्हती.

होडी साठवलेलं पान दाखवायची आणि तेवढ्यावर थांबायची. बोटाने पान खाली ओढलं तरच ती नवं पान आणायला जायची. ओढलं नाही, तर महिनोन्‌महिने तेच जुनं पान, ताज्याच्या तोऱ्यात. ऑफिसात हा दोष कुणालाच सापडला नव्हता, कारण ऑफिसातलं प्रत्येक बोट सवयीने पान ओढतं. पहिल्या क्रमांकाचा गुण म्हणून तिने जे मिरवत लिहिलं होतं, त्याच्याच पोटात हा दोष बसला होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

आणि मग दुसरी गोष्ट तिच्या डोक्यात आली. ती इतकी आनंदाची होती की क्रांती मोठ्याने बोलून गेली, "काका, तुम्ही विसरत नाही! चूक होडीची आहे! तुम्हाला जे दिसलं तेच तुम्ही केलंत!"

"हळू बोल," काका म्हणाले.

"अहो, पण डॉक्टरकडे जायची गरजच नाही. हे बघा, मंडळाचं पान..." तिने ते पान उघडलं आणि ओढायला त्यावर बोट टेकवलं.

काकांनी तिचं मनगट धरलं. पकड घट्ट होती, दुखण्याइतकी.

"पान ओढू नकोस."

क्रांतीने बोट उचललं. काकांनी फोन तिच्या हातातून काढून घेतला, चष्मा सारखा केला आणि पान सावकाश वर सरकवून तिच्यासमोर धरलं. वर बुद्धांचं नि बाबासाहेबांचं चित्र होतं. त्याखाली सभेचं ठिकाण कळवा. त्याच्याही खाली कार्यकारिणी, अध्यक्ष, खजिनदार, आणि मग, सचिव: अभय सिताराम मर्चंडे.

क्रांतीने ते नाव दोनदा वाचलं.

"तुम्हाला माहीत होतं," क्रांती म्हणाली.

"आधी नव्हतं. तो गेल्यावर दोन महिने मी उंबरा ओलांडला नाय. मग म्हटलं सभेला तरी जाऊ. पानावर कळवा होतं, गेलो कळव्याला. त्या घरच्या बाईने तिचा फोन दाखवला. काका, सभा घणसोलीला हाय, हे बघा. मी बघितलं. वर घणसोली, खाली सचिव बंडू. चांगला पोरगा हाय तो, माझा काय त्याच्यावर राग नाय. कुणीतरी व्हायलाच पायजे सचिव." ते थांबले. "जिन्यात येऊन मी माझा फोन काढला. तिथे अभयच होता."

"म्हणून तुम्ही ओढलं नाही."

"कुठलंच पान ओढलं नाय तेव्हापासून. एक ओढलं आणि सगळीच नवी झाली, तर? पाण्याचं ओढायला जायचो आणि हा जायचा."

क्रांतीने डोळे मिटून घेतले. पाण्याचं पान ओढल्याने मंडळाचं पान बदलत नसतं. प्रत्येक पान वेगळं असतं, हे त्यांना कुणीही अर्ध्या मिनिटात सांगू शकलं असतं. पण विचारायचं तर कारण सांगावं लागलं असतं. आणि ज्याला विचारायची सवय होती, तो नव्हता. तिने हे त्यांना सांगितलं तेव्हा ते तिच्याकडे बघत राहिले.

"म्हणजे बाकीची ओढता आली असती?"

"हो, काका."

"मग त्या बंद शटरपुढे मी उगाचच बसलो," ते म्हणाले, आणि हसायला गेले, पण ते काही जमलं नाही.

"पण तुम्ही मनस्वीला का नाही सांगितलंत? ती तुम्हाला वेड्यात काढायला निघालीये. घरात कोंडून ठेवते, रडते. तुमच्या लक्षात येत नाही का?"

"येतं ना. पण काय सांगू? अभयने केलेलं चुकीचं हाय म्हणून? म्हाताऱ्याचा डोका गेलाय म्हटलं की लोक गप बसतात. पोराच्या कामात खोट हाय म्हटलं की बोलत राहतात. माझं जाऊ दे, बाय. तसाही मला कुठे आता कुणाचा लग्न जमवायचाय!"

क्रांतीला त्यांचा राग आला आणि त्याच वेळी रडूही आलं. तिने घाईने म्हटलं, "त्या पानाचा फोटो काढून ठेवू या. कायमचा राहील. मग ओढा खुशाल."

"फोटो हायत माझ्याकडे," काका म्हणाले आणि मान वर केली. भिंतीवर अभय होता, लग्नातल्या कोटात. "फोटो लावला की माणूस गेला असंच होतं. इथे तो गेलेला नाय. इथे तो अजून सचिव हाय."

पण सोमवार जवळ येत होता, आणि खोटं बोलणं तिला कधी जमलं नव्हतं. तिने अहवालाची सगळी हकीकत त्यांना सांगितली. दोष लिहिला की तो दुरुस्त होईल. नवी आवृत्ती आली की साठवलेली जुनी पानं पुसली जातील, या फोनवरचीही.

"आणि नाय लिहिलंस तर?"

"तर होडी अशीच नव्या फोनमध्ये जाईल. लाखो फोन. पहिल्यांदाच फोन घेणारी माणसं असतील, ओढायचं असतं हे माहीत नसलेली. कुणीतरी काका चुकीच्या दवाखान्यात जाऊन बसतील. त्यांची सून घाबरेल, किल्ली शेजारी ठेवेल. त्यांना तर ठाऊकही नसेल की चूक त्यांची नाही. ते खरंच मानतील की आपलं डोकं गेलं."

काका खिडकीबाहेर बघत राहिले. खालच्या मैदानात पोरं क्रिकेट खेळत होती, आऊट की नॉट आऊट म्हणून भांडत होती. क्रांतीने आपला लॅपटॉप उघडला आणि दोषांची बाजू पुढ्यात घेतली.

"काका," शेवटी ती म्हणाली, "रविवारी तो आधी काय मागायचा?"

काका खिडकीजवळून उठले, जेवणाच्या टेबलाशी आले, आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसले. समोरच्या खुर्चीकडे त्यांनी क्रांतीला हाताने दाखवलं. ती अभयची जागा होती. ती बसली.

"लिही," ते म्हणाले, आणि आवाज एकदम जुना झाला, खात्यातला, रविवारचा. "पहिला दोष. जुनं पान दाखवते आणि जुनं हाय म्हणून सांगत नाय. हे फसवणं हाय. मुद्दाम केलेलं नाय, पण ज्याची फजिती होते त्याला काय फरक पडतो? लिहिलंस? दुसरं. पान कधीचं हाय ते वर मोठ्या अक्षरात पायजे, बारीक नको. आणि रेंज हाय की नाय ते हिने स्वतः बघायला पायजे. रेंज असताना ही बसून राहते म्हणजे काय! एवढं साधं तुझ्या ध्यानात..."

ते थांबले. समोर क्रांती होती. तिने मान खाली घातली होती आणि ती लिहीत होती, आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी थेट कळफलकावर पडत होतं. काकांनी टेबलावर पडलेला टॉवेल तिच्याकडे सरकवला.

"...ध्यानात आलं नाय," त्यांनी वाक्य पुरं केलं. "माझ्याही आलं नाय तेव्हा. माझीही चूक हाय. मी गावी असताना फक्त बघायचो, इथे येऊन नीट बघितलं नाय. ते लिहू नकोस."

दाराची कडी वाजली. मनस्वी दूध घेऊन आली आणि दोघांना तसं समोरासमोर बसलेलं बघून जागीच उभी राहिली. त्या टेबलाशी तसं कुणी बसलेलं तिने कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

"मनस्वी, इकडे ये," काका म्हणाले. "मी विसरत नाय."

तिला आधी ते खरं वाटलं नाही. मग क्रांतीने फोन दाखवला, उन्हाळ्यातली ती पाण्याची सूचना दाखवली, ओढून तिच्यासमोर नवी आणून दाखवली. मनस्वी एकेक ऐकत गेली आणि तिचा चेहरा उतरत गेला. शेवटी ती एवढंच म्हणाली, "बाबा, मी तुमच्या हातून किल्ली काढून घेतली."

"मी दिली म्हणून घेतलीस. चहा टाक जा आता. दोष संपले."

चहा मनस्वीने केला. तो अभयच्या चहासारखा नव्हता, साखर कमी होती, आणि काकांनी तसं लगेच सांगितलंही. त्यावर ती रडता रडता हसली. कप खाली ठेवून काका म्हणाले, "आता गुण. एकच लिही. रेंज नसली तरी ही माणसाला एकटं सोडत नाय. कुणासाठी केलं, ते त्यांना सांगायची गरज नाय."

क्रांतीने तेवढंच लिहिलं आणि अहवाल तिथूनच रोहनला पाठवून दिला. सोमवारची वाट बघितली असती तर कुणीतरी तिचा हात धरला असता.

मग काकांनी फोन हातात घेतला. मंडळाचं पान अजून तसंच होतं. "नवी आवृत्ती येईल आणि पुसून टाकेल, त्यापेक्षा मीच..." ते म्हणाले. मनस्वी त्यांच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. तिने पहिल्यांदाच ते नाव पाहिलं आणि तोंडावर हात घेतला. काकांनी ते नाव एकदा वाचलं, ओठ हलवून, पूर्ण, बापाच्या म्हणजे आपल्या नावासकट. मग अंगठा टेकवला आणि पान ओढलं.

पडद्यावरचं चक्र फिरलं. घरात रेंज चांगली होती, वेळ लागला नाही.

सभेचं ठिकाण या महिन्यात पुन्हा घणसोली, असं नव्या पानावर आलं. त्याखाली एक ओळ होती, ती काकांनी मोठ्याने वाचली. "या महिन्याची नेरूळची पाळी श्री. सिताराम मर्चंडे यांच्या प्रकृतीमुळे पुढे ढकलण्यात आली आहे."

मनस्वी पुटपुटली, "मीच फोन केला होता, बाबा. मला वाटलं, एवढी माणसं आली नि तुम्ही काही..."

काकांच्या घरची पाळी तीस वर्षांत एकदाही चुकली नव्हती. अभयच्या जन्माच्या महिन्यातही सभा त्यांच्याकडेच झाली होती, हे सगळ्या मंडळाला माहीत होतं. त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली, या वेळी मनातल्या मनात. मग बोट खाली नेलं, जिथे अभयचं नाव होतं तिथे थांबवलं आणि आता तिथे असलेल्या बंडूच्या नावापुढचा नंबर दाबला.

"पुढच्या रविवारी सतरंज्या कपाटावरून काढाव्या लागतील," ते मनस्वीला म्हणाले. तेवढ्यात पलीकडून फोन उचलला गेला. काका खुर्चीत ताठ बसले.

"जय भीम, सचिव. सिताराम बोलतोय, नेरूळवरून. पाळी माझी हाय, सभा माझ्याकडेच होईल. तेवढं पानावर बदलून घ्या."

"काका, काय म्हणालात? परत म्हणा," पलीकडून बंडू म्हणाला. त्या घरातून त्याला सचिव म्हणून आजवर कुणी हाक मारली नव्हती.